कोपरा फाटलेलं कार्ड

ता. ३ नोव्हेंबर १९६२, मूर्तिजापूर
दसऱ्यापासून वही उघडली नाही. इतक्या उशिरानं लिहितो, चूक माझी. पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परवा मी कापसाच्या गाडीबरोबर अकोल्याला होतो. माझ्या मागे डाकवाल्या गोवर्धननं कार्ड आणलं — कोपरा फाटलेलं. कोपरा फाटला म्हणजे कोणीतरी गेलं. असं कार्ड घरात घेत नाहीत. खुशालच्या मायनं ते न वाचताच अंगणात जाळलं. सून पार्बता चौथी शिकलेली. म्हणाली, "मामाजी, मी हात पुढं केला तवर राख झाली."

मी खवळलो, "बुद्धाचा धर्म घेतला, देव सोडले, अन् हे काहून सोडलं नाही?"
खुशालची माय म्हणाली, "देव सोडले म्हणून भेव सुटते काय?"

लेक खुशाल फौजेत, पुण्याला. तिकडे चीनशी लढाई पेटली आहे.

ता. ४
गोवर्धनला गाठलं. कार्डावर डाकेची मोहोर कुठली होती? "तसं कार्ड कोण निरखते, बाबा? उंबऱ्यावर टाकलं अन् निंगालो."

ता. ५
शेजारचा पुंजाजी म्हणतो, "फौजेतलं माणूस गेलं तं तार येते. सरकार इतकं कंजूष नाही, देवमन." बरं वाटलं, जेवलो. हात धुताना वाटलं — तार चुकत नसेल कशावरून?

मग कार्ड कोणाचं? अकोल्याच्या लेकीचा निरोप आला. तिच्याकडे सगळे धडधाकट.

ता. ७
नांदगाव पेठेला बहिणीकडे आलो. माणिक दारातच तूर निवडत बसली होती. "काहून रे, तोंड असं काहून झालं?" तिला पाहून रडू फुटलं. तिला वाटलं, भेटीचं आहे.

आनंद झालाच नाही. एकेक माणूस जिवंत सापडतं, तसं मरण खुशालकडे सरकतं.

ता. ११
बायका येऊन बसतात. आज एकीनं पार्बताच्या बांगड्यांकडे पाहून सुस्कारा टाकला. पार्बता उठली. "तार दाखवा, मंग फोडतो," म्हणाली अन् घागर घेऊन पाण्याला गेली.

पलटणीच्या पत्त्यावर पत्र टाकलं.

ता. १६
काही नाही.

ता. २२
रेडिओवर सांगितलं, चीननं लढाई थांबवली. चौकात पेढे नाहीत, काही नाही. पुंजाजी म्हणे, आपले लोक डोंगरात फार गेले, किती ते कोणी सांगत नाही.

ता. ३०
खुशालचं पत्र आलं. आसामातून. तारीख बाराची. पार्बतानं वाचलं —

"बाबा, सात तारखेला आमची गाडी आपल्याच टेसनावर उभी होती. पुण्याहून कार्ड टाकलं होतं, माय अन् पार्बताले घेऊन या म्हणून. खिशात राहून फाटलं होतं, घाईत तेच टाकलं. मी डब्याच्या दारात उभा होतो. तुमी कोणी आले नाही. रागावले काय? उद्या वर डोंगरात जाऊन राहिलो."

मोठी लढाई त्यानंतर झाली.

त्याची माय भिंतीकडे तोंड करून बसली आहे. पार्बताला पुढचं वाचायला सांगितलं, तर पुढे काहीच नाही.

रागावलो नाही रे, खुशाल. दोन ओळी टाक. लवकर टाक, बापू.