डाळिंबाखालची फरशी

मी, वय वर्षे चौसष्ट, शाळेतून निवृत्त झालेली टंकलेखिका, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गोंधळलेली मात्र आहे. वकीलसाहेब म्हणाले, “गोंधळ चालतो बाई, वेड चालत नाही.”

१. घर मुलाला. त्याला ते विकायचं आहे, हे त्याने लपवलेलं नाही.

२. शिलाईमशीन सुनेला. माझ्या शिवणीला तिने एकदा गोणपाट म्हटलं होतं, ते मी विसरले आहे. जवळजवळ.

३. अंगणातलं डाळिंब धाकट्या नणंदेला. इथेच माझं डोकं चालत नाही. जमिनीत आहे तोवर झाड घराचं, म्हणजे मुलाचं. काढून कुंडीत लावलं की तिचं. आणि ते काढता येत नाही, याला जबाबदार मी.

मुळात हे कुंडीतलं बुटकं बोन्साय; खोड जाड व्हावं म्हणून ह्यांनी ते चौदा वर्षांपूर्वी जमिनीत लावलं. मुळं खोल न जाता आडवी पसरावीत म्हणून खाली फरशी ठेवली. दरवर्षी भोवती कुदळीने गोल खणून बाहेर गेलेली मुळं तोडायची, म्हणजे बुंध्याजवळ नवी, बारीक मुळं फुटतात. ह्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. पाच वर्षं मी नणंदेला सांगत आले, “तोडली हो.” तोडली नाहीत. नुसती माती उकरली. ह्यांनी वाढवलेली मुळं तोडवेनात. आता मुळं पायऱ्यांखाली गेली आहेत. एकदम उपटलं तर झाड मरेल.

४. म्हणून घर दोन वर्षं विकू नये. पहिल्या वर्षी निम्मी मुळं तोडावीत, दुसऱ्या वर्षी उरलेली, मग झाड काढावं. मुलगा म्हणाला, “आई, एका झाडासाठी घर अडवतेस?” तरी हे कलम राहील.

इथवर लिहिलं आणि नणंद साक्षीदार म्हणून सही करायला आली. वकीलसाहेबांनी तिला थांबवलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही तरी करा, नाहीतर झाड तरी घ्या. तिने पेन ठेवलं आणि तिसरं कलम वाचलं.

“पाच वर्षं थापा मारल्यास, वहिनी?”

“हो.”

“दादा असता तर कान धरला असता तुझा.” मग बाह्या सरसावत म्हणाली, “कुदळ कुठेय?”

पूर्वेकडची निम्मी मुळं आज तोडली. पहिला घाव मी घातला. सबब कलम चारमधली दोन वर्षं आजपासून मोजावीत, मी असो वा नसो.

सही: घरमालकीण
साक्षीदार: १. समोरचे शिंपीदादा २. कोपऱ्यावरच्या औषधदुकानाच्या बाई
स्थळ: मागचं अंगण
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२४