देवांचं तोंड पूर्वेला

चँडलर, ॲरिझोना
रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

ती. वन्संना,

सुमेधाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले, आणि पाठीत कळ आली. ती कशाने, ते पुढे येईलच.)

तुमचा गुडघा काय म्हणतोय? त्या नव्या तेलाने उतार पडला, की वैद्यबुवांनी नुसतंच चोळत बसवलंय? भावजींना गोड कमी करा म्हणावं, आणि ऐकत नसतील तर लाडवांचा डबा सरळ तुमच्या कपाटात कुलपात ठेवा. आम्ही दोघं बरे आहोत. तब्येतीने, म्हणजे. डोक्याचं विचाराल तर तुमच्या धाकट्या भावाच्या डोक्याबद्दलच हे पत्र आहे. फोन केला असता, पण तिकडे तुम्ही स्पीकर लावता आणि इकडे हे शेजारी येऊन बसतात. मग मी तुम्हाला मिरजेत ऊन किती आहे ते विचारते आणि फोन ठेवते. म्हणून हाताने लिहितेय. पानांचे फोटो काढून तुमच्या व्हॉट्सॲपवर धाडीन. चष्मा लावून, एकट्या असताना वाचा.

आमचं घर विकायचं आणि ट्रेलरमध्ये राहायचं हे तुमच्या कानावर आहेच. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. पुढे एक दांडगा ट्रक, आणि त्याच्या मागे जोडलेलं चौतीस फुटी पांढरं खोकं. आत पलंग, चूल, फ्रीज, मोरी, सगळं. आठ-पंधरा दिवसांची सहल नव्हे हो, कायमचं! आज या जंगलात, पुढच्या महिन्यात त्या समुद्राकाठी. रिटायर झालेली अमेरिकन माणसं करतात असं. येत्या शुक्रवारी घराच्या कागदांवर सह्या आहेत. सह्या झाल्या की हे घर दुसऱ्याचं आणि आम्ही रस्त्यावर (शब्दशः). सह्या नाही केल्या तर सगळं कॅन्सल, ट्रेलर परत, आणि आम्ही जन्मभर इथेच. तुमच्या भावाला आजवर फक्त तुमचा शब्द मोडता आलेला नाही, तेव्हा शुक्रवारच्या आत तुम्ही त्यांना फोन करून चांगलं खडसावायचं आहे. आधी ऐका मात्र काय काय झालं ते.

सुरुवात झाली वजनापासून. ट्रेलरमध्ये किती वजन भरायचं याला मर्यादा असते, असं यांना कळलं मात्र, न्हाणीघरातला वजनकाटा स्वयंपाकघरात आला. माझा खलबत्ता तोलला. पुरणयंत्र तोललं. पोळपाट दोन होते, त्यांतला हलका निवडला (चांगला दुसरा होता). लोणच्याच्या बरणीला तर नुसती बघूनच नकार. आणि यांची हत्यारं? तीन पेट्या! त्या म्हणे 'आवश्यक वर्गात' मोडतात. मी विचारलं, तुम्ही आयुष्यात एक खिळा तरी सरळ ठोकलाय का? तर म्हणतात, म्हणूनच जास्त हत्यारं लागतात. बोला आता. आमची रुचा अर्विंगहून व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "आई, आर यू गाइज ओके?" मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार. ते तेव्हा माझ्या कल्हईच्या पातेल्याकडे संशयाने बघत होते.

मग ट्रेलर चालवण्याची प्रॅक्टिस. देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये मंगळवारी चिटपाखरू नसतं, तिथे हे तुपाचे रिकामे डबे मांडून मध्ये ट्रेलर रिव्हर्स घालायला शिकत होते. वन्सं, ट्रेलर रिव्हर्स घेणं हा उलटा कारभार आहे. स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवलं की खोकं डावीकडे जातं. यांनी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात उभी हयात केसाहून बारीक रेघा मोजण्यात घालवली, पण तो डबा काही यांना दिसेना. मी मागे उभी राहून हात करायची. आपल्याकडे ट्रकचा क्लीनर नाही का मागच्या फळीवर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो, तसंच मी करत होते. देवळातले गुरुजी घाबरून बाहेर आले. त्यांना वाटलं, बाई आत कोंडल्या गेल्यात. तेवढ्यात तुपाचे डबे पापडासारखे झाले होते. यांचा निष्कर्ष: थिअरी पक्की झाली, आता सरळ ट्रिपच करू.

गेल्या शनिवारी निघालो. पेसनच्या बाजूला डोंगरात पाइनच्या झाडांमधलं एक कँपग्राउंड, चढाचा रस्ता, पण चांगला रुंद. मोठ्या ट्रेलरसाठी वेगळं नकाशाचं यंत्र मिळतं. कुठला पूल बुटका आहे, कुठली गल्ली अरुंद, ते सांगतं. ते विकत घेतलेलं होतं. डॅशबोर्डवर होतं. पण यांच्या फोनने सांगितलं की या वळणाने गेलात तर थोडा वेळ वाचेल, आणि वेळ वाचवायचा म्हटलं की तुमच्या भावाला देवसुद्धा अडवू शकत नाही. (रिटायर झालेला माणूस वाचवलेला वेळ ठेवणार कुठे, हे मला अजून कळलेलं नाही.) ते यंत्र ओरडत होतं, मी ओरडत होते, आणि हे शांतपणे एका छानशा कॉलनीत शिरले. पुढे रस्ता संपला. म्हणजे गोल होऊन संपला, मध्ये फुलांचं आळं, भोवती पाच-सहा बंगले. वळायला जागा नाही आणि मागे चौतीस फूट!

झालं. माणसं बाहेर आली. कुत्री बाहेर आली. एका घरी पोराचा वाढदिवस होता, तिथले पाहुणे हातात केकच्या बशा घेऊन आले. प्रत्येक जण वेगळी दिशा दाखवत होता आणि हे प्रत्येकाला "थँक्यू, थँक्यू" म्हणून प्रत्येकाचं ऐकत होते. एका आजोबांची टपालपेटी आडवी झाली. आजोबा म्हणाले, असू द्या, माझी बायको होती तेव्हा या पेटीला रोज हसायची. मला तेव्हा भूमातेने पोटात घ्यावं असं झालं. सगळ्या कॉलनीने आपापल्या गाड्या हलवल्या तेव्हा कुठे आम्ही सुटलो. जाताना त्यांनी आम्हाला केक बांधून दिला. काय माणसं हो! पुढच्या गावापर्यंत यांचा फोन मी माझ्या मांडीखाली दाबून ठेवला.

पण खरी शोभा कँपग्राउंडवर झाली, आणि तिच्यात तुमचाही हात आहे. रागावू नका. ट्रेलर घेतल्याचं सांगितलं तेव्हा पाणी कुठून येणार, आजारी पडलात तर काय, असलं तुम्ही काही विचारलं नाहीत. तुम्ही एवढंच विचारलंत: देवांचं तोंड कुठे? हे म्हणाले, पूर्वेला, अक्का. त्यांनी सासूबाईंचे देव, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे टाक, टीव्हीच्या वरच्या फळीवर पट्ट्याने बांधून बसवले होते. पण घरच चाकांवर, तर पूर्व कशी जाग्यावर राहणार? आम्हाला दिलेल्या जागेत ट्रेलर पाठीने आत घालायचा होता, कारण वीज, नळ आणि सांडपाण्याचं भोक एकाच बाजूला असतं. तसा घातला तर देव पाहणार पश्चिमेला. यांनी फोनमधलं होकायंत्र काढलं, कपाळावर हात मारला, आणि ठरवलं की ट्रेलर तोंडाने आत घालायचा.

घातला. देव पूर्वेला, आणि सांडपाण्याची नळी शेजारच्यांच्या जेवणाच्या टेबलाखालून! शेजारी जेवत होते. मग बाहेर काढून तिरका घातला. मग आणखी तिरका. आजूबाजूची मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन रांगेत बसली, कोणीतरी मक्याच्या लाह्या आणल्या. शेवटी कँपची देखरेख करणारी एक म्हातारी बाई आली, गवती टोपी, हातात काठी. तिने अदबीने विचारलं, काही धार्मिक कारण आहे का? यांनी तिला सूर्योदय, दिशा, आपलं कुलदैवत आणि तुम्ही, या क्रमाने सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या अक्कांबद्दल मला आदर आहे, पण नळी तिथून जाणार नाही. शेवटी ट्रेलर पाठीनेच आत लागला. (तो कसा लागला, ते इथे लिहीत नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी पश्चिमेकडे बघणाऱ्या देवांची पूजा केली, पण चेहरा असा की पेपरात कॉपी करताना धरलेला मुलगा बरा. तेव्हापासून जेवण झालं की नुसते ट्रकला फडकं मारत बसतात.

तर वन्सं, तुम्ही फोन करा आणि त्यांना नीट दम भरा. भावजींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची,
सुमेधा

ता. क. दम कशाबद्दल भरायचा ते लिहायचं राहिलंच. ट्रेलर त्या जागेत मी लावला. चाक खालून धरायचं, आणि खोकं ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्यायचा, एवढंच असतं ते. डबे मांडून यांचा सराव चालला होता तेव्हा मागे उभी राहून मीच शिकले होते, यांना पत्ता नाही. एका झटक्यात लागला. खुर्च्यांवरची माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली, टोपीवाल्या म्हातारीने मला मिठी मारली. जन्मभर मी किराणा दुकान आणि देऊळ यापलीकडे गाडी नेली नव्हती. पाठीत कळ आली ती उतरताना मी उडी मारली म्हणून.

आणखी एक ता. क. आता हे म्हणतात, अक्काला विचारल्याशिवाय देवांना असं दारोदार फिरवणं बरं नव्हे, घर राहू द्यावं. देवांचं नुसतं नाव हो. टपालपेटीपासून यांनी धसका घेतलाय. वन्सं, मला जायचंय. तिकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तो एकच ग्रँड कॅन्यन दाखवत आलो, आणि प्रत्येक वेळी मी डबा सांभाळत गाडीजवळ बसले. त्या रात्री पाइनच्या झाडांखाली मला जी झोप लागली तशी माहेरी लागायची. मी यांना 'चला' म्हटलं तर वाद होईल. तुम्ही 'जा' म्हणालात तर जातील.

शेवटचा ता. क. देवांची काळजी करू नका. माझी मसाल्यांची फिरती गोल थाळी होती ना, बरण्या ठेवायची, यांनी 'अनावश्यक' ठरवलेली? तीच मी फळीवर स्क्रूने बसवून तिच्यावर देव मांडले. ट्रेलर कुठेही लावा, थाळी फिरवली की देव पूर्वेला. सामान चढवायला कॉलनीची परवानगी आहे म्हणून ट्रेलर सध्या दारातच उभा आहे, आज सकाळी मी तिथेच पूजा केली. यांनी ट्रेलरच्या उंबऱ्यावरून पाहिलं. पायात चपला घातलेल्या, आत यावं की घरात परतावं या विचारात किती तरी वेळ उभे होते. देवांचं झालंय, वन्सं. एवढं एक तोंड तेवढं तुम्ही फिरवा.