जाळासाठी हवा तो पिवळा

६ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला कारण एवढंच, की आपल्या स्वयंपाकघराची फरशी मला फोडायची आहे आणि घर दोघांच्या नावावर आहे. म्हणून विचारते.

फरश्यांचा कारखाना बंद पडल्यापासून गावभर फुटक्या फरश्यांचे ढीग पडून होते. गल्लीतल्या शिंपीणबाईंनी त्यांतून मोझाइक सुरू केलं. आता निम्मी गल्ली तुकडे जोडत बसते. कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर भट्टीचं चित्र होतंय. विटा झाल्या, माणसं झाली, जाळ तेवढा राहिलाय. त्याला हवा तो पिवळा कुठल्याच ढिगात नाही. तो आहे बाबांच्या हातून जास्त तापून बिघडलेल्या खेपेचा. मालकांनी नाकारलेली ती खेप बाबांनी घरी आणून स्वयंपाकघरात अंथरली, आठवत असेल.

होय म्हणून कळव. नाही म्हणायचं असेल तर कारण लिही, नुसता गळा काढू नकोस. गोड कमी खा.

तुझी ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाही. कारण लिहितो. बाबांच्या हातचं त्या घरात तेवढंच उरलंय. शिवाय जन्मात कधी त्या फरशीवर मला वाटी आपटू दिली नाहीस, आणि आता स्वतः हातोडा घेणार? सौ. म्हणते, ताईंना ताप आहे का विचारा.

रविवारी येतो. तोवर फरशीला हात लावशील तर तुला माझी शपथ.

भांडण झालं तरी माया आटू देऊ नये.

तुझा भाऊ

२४ जानेवारी

चि. सौ. भावजयबाईंस,
आशीर्वाद.

तुझा नवरा आला तो चपलांसकट स्वयंपाकघरात गेला आणि फरशीवर मांडी ठोकून बसला. उठणार नाही म्हणाला. मी म्हटलं, बस, चहा तिथेच देते. शिंपीणबाई म्हणाल्या, बसू द्या, यांच्याभोवतीनं फोडू.

मग मी त्यांनी कागदावर काढलेला जाळ त्याच्यापुढे ठेवला. पाहिला मात्र, भडकला. म्हणाला, हा जाळ आहे की सोललेलं केळं? भट्टीतला जाळ वर जाऊन छताला धडकतो आणि खाली वळतो. बाबा खांद्यावर बसवून झरोक्यातून दाखवायचे. पेन्सिल घेऊन स्वतःच काढायला लागला. काढून झाल्यावर कागद खालच्या पिवळ्या फरशीशी धरून पाहिला. मग विचारलं, ताई, हातोडा कुठंय?

पहिला घाव माझ्याच्यानं घालवेना. तोही त्यानंच घातला.

काल जाळ पुरा झाला. जुने कामगार येतात आणि भिंतीपुढे हात शेकतात. हसू नकोस, मीही शेकले.

आमच्यावरचा लोभ या फरशीपायी कमी करू नकोस. आता दिल्याघेतल्याची नोंद:

शिंपीणबाईंना दिली: स्वयंपाकघराची फरशी, फोडलेली. माझी तक्रार नाही.

तुझ्या ताब्यात: नवरा एक, गुडघे सोललेले, तळहाताला फोड. त्याच्या पिशवीत पिवळी फरशी एक, अख्खी. तिच्यावर गरम पातेलं ठेवलेलं चालेल. आपटलेलं नाही.

तुझी नणंद