पंगतीची रेकॉर्ड आणि बाकीच्या चार

लिहून ठेवणार मी, मन्मथ बसवंतराव मिटकरी, वय सव्वीस, राहणार मानवत, तालुका पाथरी, जिल्हा परभणी. धंदा म्हणाल तर मिळेल तो, आणि तोही कंटाळा येईपर्यंत. शाळा नववीत सुटली, पण हे अक्षर माझंच आहे. लहानपणीच्या तापात माझ्या काळजाची एक झडप खराब झाली असून येत्या आठवड्यात मुंबईच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, मागचं सगळं नीट लावून या. माझ्या मागं नीट लावण्यासारखं पाच रेकॉर्डींशिवाय काही नाही. त्या चुकीच्या हातात जाऊ नयेत एवढ्यासाठी हे मृत्युपत्र राजीखुशीनं आणि पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. माझा थोरला भाऊ बसप्पा मला येडा म्हणतो. उद्या कोर्टात त्यानं तेच म्हणू नये म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी सोबत टाचली आहे.

कलम पहिले. घर. वडिलांच्या माघारी घर एकट्या बसप्पाच्या नावावर कसं चढलं हे त्याला माहीत आहे आणि मलाही. ते त्यालाच लखलाभ. माझ्या खोलीचा पत्रा गळतो, तो गळका पत्राही त्यालाच.

कलम दुसरे. सदर पाच रेकॉर्डी चोरीच्या नाहीत. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात मी सिकंदराबादला नुसता फिरायला गेलो होतो. इकडं नामांतरावरून जाळपोळ झाली, गाड्या बंद पडल्या, मी तिकडंच अडकलो आणि रेल्वेवाल्यांच्या एका क्लबात गिलास धुवायला लागलो. तिथं एक रिटायर गार्डसाहेब शनिवारी गिटार वाजवायचे. जॅझ म्हणजे काय हे मला त्यांनीच दाखवलं. आधी एक सरळ चाल वाजवायची, मग तिच्यातून बाहेर पडून रानोमाळ हिंडायचं आणि शेवटी बरोबर घरी यायचं. मला घरी यायचं तेवढं जमलं नाही, बाकी सगळं पटलं. माझं नाव त्यांना घेता येत नव्हतं, म्हणून ते मला गावाच्याच नावानं हाक मारायचे. मी बोटांवर मात्रा मोजायला लागलो की म्हणायचे, "अरे मानवत, गिनती नक्को कर. सुन." पुढं ते मुलीकडं ऑस्ट्रेलियाला गेले आणि जाताना ह्या रेकॉर्डी मला देऊन गेले. क्लबाच्या मॅनेजरला हव्या होत्या. त्याला त्यांनी सांगितलं, "तेरे को सुनना नहीं, रखना है." हे वाक्य बसप्पानं दोनदा वाचावं.

कलम तिसरे. रेकॉर्ड प्लेअर. बसप्पाचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान आहे, प्लेअर त्या दुकानाचा. पण त्यातली जळालेली मोटर काढून दुसरी मी सिकंदराबादहून आणून बसवली. मोटर माझी. ती मी माझी भावजय, म्हणजे बसप्पाची बायको, गौराबाई हिला देत आहे. वरचा डबा बसप्पाचा. मोटरवाचून डबा चालवायचा असेल तर त्यानं हातानं फिरवावा.

कलम चौथे. पाचही रेकॉर्डी गौराबाईला. बसप्पाचा त्यांच्यावर काडीचा हक्क नाही. का, ते सांगतो.

चार वर्षांमागं पिंगळीच्या एका लग्नात जेवणाच्या वेळी लावलेल्या गाण्यातले शब्द वरपक्षाला टोमण्यासारखे लागले आणि मांडवात हाणामारी झाली. तेव्हा बसप्पानं ठरवलं की पंगतीला बिनशब्दाचं काहीतरी लावायचं. माझी रेकॉर्डींची पेटी उघडून त्यानं हात घातला आणि निळ्या कव्हरची निघाली ती नेली. तिच्यात एक गिटार आणि एक पियानो, दोघंच. ढोल नाही, ताशा नाही. एक बोलतो, दुसरा वाट बघतो. गार्डसाहेब ही लावायचे तेव्हा खुर्चीसुद्धा सरकवू द्यायचे नाहीत. आमच्याकडं ती कर्ण्यावर लागली की लोक हात धुवायला पळतात. आता टेप आला, बाकीची सगळी गाणी कॅसेटवर गेली, तरी पंगतीला तीच रेकॉर्ड लागते. पोखर्णीपासून पाथरीपर्यंत कुणालाही विचारा, जेवणाची रेकॉर्ड म्हणून ओळखतील. आमच्या शेजारचे अडतवाले माणिकराव तर भर मांडवात ओरडतात, "बसप्पा, ती भाकरीची लाव की रे! मंगलाष्टकं संपून कवाचं झालं!"

मी बसप्पाला म्हणालो, "अण्णा, ही तेहतीसच्या वेगावर फिरवायची असती. तू पंचेचाळीसवर लावायलास."

"तेहतीसवर ती रडती. लग्न हाय का मयत?"

"आन् मधीच काढून घेतूस ते?"

"लोक बसले, काम झालं. पुढचं ऐकून वाढप्याला काय करायचंय?"

असा हा माझा भाऊ. आता ती रेकॉर्ड उजेडात धरून बघा. बाहेरची बोटभर पट्टी त्याच्या जाड सुईनं पांढरी पडली आहे. आतली सगळी काळी कुळकुळीत. तिथपर्यंत ह्या जिल्ह्यात कुणी गेलंच नाही.

फक्त एका माणसानं पुढचं विचारलं. एकदा मांडवात बसप्पानं सुई उचलली आणि गौराबाई पत्रावळी मांडता मांडता थांबली. मला म्हणाली, "भावजी, ह्याच्या पुढं काय असतंय वो?" मी म्हणालो, घरी गेल्यावर ऐकवतो. घरी पोचलो तर बसप्पानं प्लेअर दुसऱ्या लग्नाला पाठवलेला. मग आमचं आणि अण्णाचं भांडण झालं, मी निघून गेलो, आलो, पुन्हा गेलो, आणि ते राहिलं ते राहिलंच. गौराबाईशी माझं काही गूळपीठ नव्हतं. ती मला फुकट्या म्हणायची आणि आमटी वाढताना तळ ढवळायची नाही. पण ह्या घरात पुढं काय आहे असं विचारणारी ती एकटीच.

तर वहिनी, ऐकायचा क्रम असा. आधी फाटक्या कव्हरची. तो वाजवणारा आगीत सापडला, दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांवर तो काय पळतो ते बघा. तुमच्या नवऱ्याला दहा आहेत. मग अंगठ्यानं वाजवणाऱ्याची. एकच सूर तो वर आणि खाली दोन्हीकडं एकदम धरतो, मऊ लागतो. ही ज्वारी निवडतानाही चालेल. तिसरी ढोलकीवाल्यांच्या गोंगाटाची. मला स्वतःला आवडत नाही, पण ती टाळली तर चौथी कळत नाही. चौथीत माणूस एकटा आहे, सोबत कुणी नाही. तेव्हा हातात काम ठेवू नका. बारीक सुई काड्यापेटीत ठेवली आहे, तीच वापरा. निळी शेवटी.

कलम पाचवे. माझी तीन तारांची गिटार कुणालाच नको असणार. ती बसप्पाला. दुकानात टांगावी, म्हणजे रोज दिसेल.

कलम सहावे, आणि हे न मोडता पाळायचं. मुंबईहून मी चालत परत आलो तर हा कागद रद्द, रेकॉर्डी माझ्या, आणि निळी मीच वहिनीला ऐकवीन. नाही आलो तर शिवगण आराधनेच्या, म्हणजे माझ्या दिवसकार्याच्या, दिवशी बसप्पा पंगत घालणारच. माझ्यासाठी नाही, गावानं नावं ठेवू नयेत म्हणून. माणिकरावही सगळ्यांच्या आधी हात धुवून येतील. कर्णा लावायचा. निळी रेकॉर्ड तेहतीसवर लावायची. सुई गौराबाईनं ठेवायची आणि तिनंच उचलायची. सुरुवातीला खरखर होईल. बसप्पा म्हणेल, बंद करा. बंद करायची नाही. लोक सवयीनं पानावर बसतील. बसू द्या. पण रेकॉर्डीची बाजू पूर्ण संपेपर्यंत एकाही पानावर भाताचं शीत पडता कामा नये. ओरडले, शिव्या दिल्या, उठून गेले, तरी नाही. आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवूनच पुरतात, तेव्हा पंगतीला मीही बसलेलोच असणार. मला काही घाई नाही.

पांढरी पट्टी संपली की काळी लागेल. वहिनी, तुम्ही विचारलं होतं ते तिथून पुढं आहे.

वरचा मजकूर मीच लिहिला, मीच वाचला, खाडाखोड नाही. दोघा साक्षीदारांसमोर सही केली, आणि दोघांनाही रेकॉर्डीतलं काही कळत नाही, म्हणून त्यांचा ह्यात स्वार्थ नाही.

सही: मन्मथ बसवंतराव मिटकरी

साक्षीदार:
१. रंगनाथ, चहाचं हॉटेल, मोंढ्यासमोर, मानवत
२. सिताराम, एस.टी. कंडक्टर, मानवत

ठिकाण: मानवत
तारीख: २ जून १९८५