मनियारीण येईस्तोवर

मु. मोताळा, ता. मलकापूर
ता. १० मार्च १९३५, रविवार

सौ. तानू हिले कडूबाचा आशीर्वाद.

इकडं सगळी खुशाली आहे, तिकडची खुशाली कळवावी. पत्र असंच सुरू कराव म्हणून मास्तरनं शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. मायचे गुडघे सुजून राह्यले. तूर झोडून झाली. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. तू लावलेला शेवगा यंदा लय लागला, पण तोडाले कोणी नाई, शेंगा झाडावरच वाळल्या. तुह्या तापाचं कळलं. संग्रामपुरात चांगला वैद्य नसला तं जळगावले दाखवा, हयगय करू नोका.

किसनभाऊ, पत्र तुमीच वाचून दाखवून राह्यले असान. तुमच्या बहिणीले अक्षरं येत नाईत, अन् शिकवीन शिकवीन म्हणता म्हणता म्या शिकवले नाईत. हात जोडून सांगतो, मधातलं काही गाळू नोका. तुमी गेल्या श्रावणात कोर्टाबाहेर माह्या मायले भर रस्त्यात बोल्ले, "तुमीच माह्या बहिणीचा हात घालवला." बुढी खाली मान घालून ऐकून घेत राह्यली. मी बाजूलेच उभा होतो. हे पत्र पुरं वाचा, मंग तो राग कोणावर काढाचा ते ठरवा.

शुक्रवारी बुलढाण्याले आपल्या दाव्याची तारीख होती. तुमी दोघंही आले नाई. तिथं काय झालं ते सांगतोच, पण त्याच्या आधीचं सांगतल्याशिवाय ते समजणार नाई. तानू, तुले सगळं माहीत हाय. तुह्या भावाले माहीत नाई.

मागच्या वर्षी मले मुदतीचा ताप आला होता. आपल्या गल्लीत त्याच तापानं दोन गेले. एकवीस रोज मी खाटेवर होतो, म्हणून तू कापसाच्या जिनात कामाले लागली. सरकी काढाच्या रेच्यात कपूस लोटाचा, दिवसभर उभ्यानं. संक्रांतीले मी पहिल्यांदा दोन घास भात खाल्ला, तं तू जहांआरा मनियारणीले बोलावून दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या. "तुमी उठले, आता मी कोपरापर्यंत भरतो," म्हणे. हसून राह्यली होती. त्याच्या तिसऱ्या रोजी वाफेच्या नळाचा सांधा फुटला. त्या सांध्याले किती दिवसांपासून चिंधी गुंडाळून ठेवली होती, अन् जिनातल्याच निजामभाईनं मालकाच्या माणसाले दोनदा सांगतलंही होतं. तू तोंड वाचवाले डावा हात आडवा केला. वाफ सगळी त्या हातावर आली.

निजामभाईनंच तुले बंडीत घालून दवाखान्यात आणलं. मी काठी टेकत टेकत आलो. माय दाराशी बसली, तिले आतलं रडणं ऐकवत नव्हतं. कंपाऊंडर वामनराव हात पाहून म्हणे, "कातडं गेलं, पण मांस शाबूत हाय. तीन महिन्यांत भरून येईन. आधी बांगड्या फोडा लागतीन. हात सुजला का ह्या रुतून बसतीन, खाली रगत जाणार नाई."

आता पुढचं लिहिता लिहिता तिसऱ्यांदा कागद बदलला, किसनभाऊ.

तुमची बहीण म्हणे, "फोडा." एकदा नाई, तीनदा म्हणे. "फोडा हो, लय आग होऊन राह्यली, फोडा." वामनरावनं चिमटा उचलला, अन् म्या त्याचा हात धरला. म्या. मायनं नाई. माय दाराच्या बाहेर होती, तिले काही ठाऊकच नव्हतं. मी बोल्लो, "मी जित्ता असताना माह्या बायकोच्या बांगड्या फोडता का? आमच्यात फुटली तरी वाढवली म्हणतात. मनियारणीले बोलावतो. ती तेल लावून सगळ्या सलामत उतरवन."

बायकोच्या काळजीनं नाई बोल्लो. मले भेव वाटलं. गल्लीतले दोन गेले तवा त्यांच्या बायकांच्या बांगड्या फोडताना म्या खाटेवरून ऐकलं होतं. तोच आवाज पुन्हा ऐकू येईन अन् मंग माहाच नंबर लागन, असं वाटलं. एवढा मोठा माणूस मी, काचेच्या तुकड्याले भेलो.

जहांआरा लेकीकडं नांदुऱ्याले गेल्ती. ती तिसऱ्या रोजी आली. तोवर म्या तुह्या हातावर खोबऱ्याचं तेल ओतत राह्यलो, साबण लावत राह्यलो. तू ओरडाचंही सोडून देल्लं होतं. जहांआरानं चादर बाजूले केली अन् कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! काऊन थांबले रे माह्यासाठी?" तिनं मले विचारलंही नाई, तिथंच आपल्या हातानं सगळ्या फोडल्या. पण बोटं काळी पडली होती. बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात मनगटापासून हात काढला.

मंग किसनभाऊ, तुमी जिनाच्या मालकावर दावा लावला, रामराव वकील केले, लय धावपळ केली. मालकाचा वकील म्हणे, "भाजलं ते आमच्याकडं, तेवढ्याचं देतो. हात गेला तो बांगड्यांनी. बाईनं स्वतः औषध नाकारलं, त्याले मालक काय करन?" सगळा दावा तिथंच येऊन अडकला. कोर्टाच्या साहेबाले एवढंच पाह्याचं होतं का, बांगड्या फोडाले नाई कोण बोल्लं. वामनरावची तोवर दूर बदली झाली होती. श्रावणात साहेबानं मले शपथेवर विचारलं. भरल्या कोर्टात खरं बोलाले माही जीभ वळली नाई. मी बोल्लो, "तिचीच मर्जी नव्हती साहेब. बायांची समजूत असते."

तानू, तू माह्याकडं पाह्यलं. फक्त पाह्यलं. साहेबानं तुले विचारलं, "बाई, हे खरं काय?" तू पदर सावरत म्हणाली, "ते म्हणतात तसंच असल." त्या पदराखाली तो तुटका हात होता अन् तू मलेच सांभाळून घेत होती! त्या रोजी तू भावासंग माहेरी गेली. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

माघातल्या बाजारात निजामभाईनं मले गाठलं. चहा पाजला अन् म्हणे, "कडूबा, मेरे सामने की बात हाय. तिनं फोडा म्हटलं ते म्या ऐकलं, तू हात धरला ते बी पाह्यलं. आजवर नौकरीच्या भेवानं चूप राह्यलो. आता मी साक्ष देतो, नौकरी गेली तं गेली. पण घरची गोष्ट घरच्यानं सांगतली तं बरं दिसते. तू सांगतं का मी सांगू बे?" त्याले चार लेकरं हायेत. मले लाज वाटली.

रामरावले भेटलो. ते म्हणे, "कडूबा, मागं शपथेवर उलटं बोल्ला तू. खोट्या शपथेचा खटला होईन तुह्यावर." मी म्हटलं होऊ द्या.

शुक्रवारी मायले संग नेलं. तिनं सगळ्यांसमोर ऐकाव असं मले वाटे. गावात सालभर बायांनी तिचं पाणी भरणं मुश्कील केलं. "हीच ती, सुनीच्या हातापेक्षा बांगड्या प्याऱ्या झाल्या." अन् बुढी एकदाही म्हणे नाई का मी तवा आत नव्हती. तिले वाटे सून बोलली असल, तं सुनीचा बोल आपण घेतलेला बरा.

साहेबानं विचारलं, "बाई काय म्हणाल्या होत्या?"

मी बोल्लो, "फोडा म्हणाली साहेब. तीनदा."

"मग कोणी अडवलं?"

"म्या."

"का?"

मी बोल्लो, "मराचं भेव वाटलं." मालकाचा वकील हसला. साहेब हसले नाई. ते लिहीत राह्यले.

निकाल तुह्या बाजूनं झाला. बाईनं औषध नाकारलं नव्हतं, दुसऱ्यानं अडवलं त्याचा बोल तिच्यावर येत नाई, असं साहेबानं लिहिलं. पुऱ्या हाताची भरपाई मालकानं द्याची. रामरावचं पत्र येईनच. ते पैसे तुह्या उजव्या अंगठ्याशिवाय कोणाले मिळाचे नाईत. नवऱ्याच्या हाती देऊ नोका, असं म्याच साहेबाले सांगतलं. माह्यावर काय कराचं ते मागून ठरन.

येताना बंडीनं राजूरचा घाट उतरून झाला, तवा माय म्हणे, "तू पाळण्यात होता. माह्या हाताले विंचू चावला अन् हात कोपरापर्यंत सुजला. तुह्या बापानं आपल्या हातानं वरवंटा घेऊन सगळ्या बांगड्या फोडल्या. मी रडली तं म्हणे, काच फुटली, मी काही फुटलो नाई. त्याच्यावर अठरा वर्सं जगला तो." मंग म्हणे, "मी दारातच तं बसली होती रे. मले काऊन नाई विचारलं?"

काय सांगू तिले? तुमी सांगा किसनभाऊ, काय सांगू?

तानू, ये म्हणाचं माहं तोंड नाई, म्हणून म्हणत नाई. माय मात्र रोज तुहं नाव घेते. हातासाठी कायदा हाय. तू त्या रोजी कोर्टात "ते म्हणतात तसंच" बोलली, त्याची भरपाई कुठं मागाची ते मले कोणी सांगतलं नाई.

तुह्या हाताच्या बदली जित्ता राह्यलेला,
कडूबा