यंदाचा मसाला

१८ जानेवारी, शनिवार

नाकातली नळी निघाली. डॉक्टर म्हणाले, "आता सगळं तोंडानं. वजन उतरलं तर मात्र पोटातून नळी घालावी लागेल." पोटातल्या नळीला हे फार घाबरतात. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला होती, तो घरी गेलाच नाही. रिक्षात पाटीवर लिहिलं, "नळी नाय. काही झालं तरी." म्हटलं, मग गुमान खायचं.

पाटी म्हणजे ती बटण दाबलं की पुसणारी. अर्धी जीभ कापल्यापासून त्यांचं बोलणं मलाच कळतं, तेही निम्मं. कंपनीत तंबाखूशिवाय पाळी जायची नाही, त्याचं हे फळ. रेडिएशनचे शेक संपले तरी तोंड आतून सोललेलं आहे. तिखट नको, आंबट नको, गरम नको, कोरडं नको. आमच्या भागातल्या माणसाला मग राहिलं काय?

घरी येऊन फिकी खिचडी केली. वरून नुसती जिऱ्याची फोडणी द्यायला गेले तर ह्यांना असा ठसका लागला की डोळे पांढरे. गॅस बंद केला. आजपासून घरात फोडणी बंद.

दोन चमचे गेले. बाकी मोरीत.

२१ जाने., मंगळवार

पल्लवीचं पार्सल आलं पुण्याहून. हँड ब्लेंडर, पांढऱ्या झाकणाच्या सहा एकसारख्या बरण्या आणि तान्ह्या लेकराचे मऊ चमचे. फोनवर म्हणाली, "आई, ओवीला घेतले तेच पप्पांनाही घेतले." ओवीला वरचं खाणं सुरू झालंय. नात आणि आजोबा, दोघांचं उष्टावण एकाच महिन्यात.

म्हटलं, पार्सलं पाठवतीस, तू कधी येतीस? अंगावरचं लेकरू, नोकरी, सगळं कळतं मला. कळूनही बोलून जाते. मग वाईट वाटत बसते.

"आई, सगळं जग काही तिखट खात नाही. मी व्हिडिओ पाठवते." आले ढीगभर. हे मन लावून बघत बसले. मी बरण्या भरल्या. मैदा, कॉर्नफ्लॉवर, पिठीसाखर, दूध पावडर, रवा, ओट्स. बरण्या छान दिसतात ओट्यावर. नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या.

२५ जाने., शनिवार

जपान. ओकायू. एवढं मोठं नाव आणि निघाली आपली पेज! तासभर शिजवून ब्लेंडरनं फिरवली. मशीन झकास आहे, पोरीनं पारखून घेतलंय.

वाटीभर खाल्लं. वाटीभर! मग पाटीवर लिहिलं, "६/१०". म्हटलं, हे काय? "बाई, जन्मभर पोरांना मार्क दिलेस. आता माझी पाळी." शाळेतून रिटायर झाले तरी बाई म्हणायचं सोडत नाहीत. हसले. हसताना डावा गाल हलत नाही, पण हसले.

३० जाने., गुरुवार

इटली. रिसोट्टो. त्यांचा तांदूळ इथं कुठला मिळायला? इंद्रायणी घेतला, तो चिकट असतो. अर्धा तास ढवळत उभी. चीज घालायचं जिवावर आलं होतं, घातलं. "७". इटलीनं जपानला हरवलं.

मी ह्यातलं काही चाखत नाही. ते पांढरं फटक बघूनच तोंडाची चव जाते. मीठ हाताच्या अंदाजानं. मी आपली दूध-भाकरी खाते. त्यांच्यासमोर बसून ठेचा चापायचा, एवढी काही मी दगड नाही.

गॅलरीच्या भिंतीवरून शेजारच्या शेख भाभी म्हणाल्या, "क्या बाई, पकाते नै क्या आजकल? तुमारे घर से बघार की बास नै आती." म्हटलं, पकाते ना, इटली का पकाते.

६ फेब्रु., गुरुवार

वजन जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, उतरलं नाही हेच खूप. येताना ह्यांनी रिक्षात माझ्या हातावर टाळी दिली.

संध्याकाळी बबनचा फोन. माझा धाकटा भाऊ, कन्नडला असतो, दर साली तिथल्या बाजारातून माझ्या वर्षाच्या मसाल्याची मिरची तोच आणतो. "ताई, मिरची लई झकास आलीय. नेहमीएवढी आणू?"

म्हटलं, यंदा नको.

"का गं?"

"खाणार कोण?"

तोंडातून गेलं. हे तिथंच खाटेवर पडले होते. डोळे मिटलेले होते, पण कान काही मिटता येत नाहीत.

१२ फेब्रु., बुधवार

पौर्णिमा. विहारात वंदनेला जाऊन आले, त्यामुळं उशीर. घाईघाईत फ्रान्स केला. बटाट्याचं सूप. ते मेलं घट्टच होईना! कॉर्नफ्लॉवर दोन चमचे कालवून घातलं. पाणीच. आणखी दोन. पाणीच. वैतागून आणखी घातलं आणि फ्रान्सच्या नावानं बोटं मोडली.

ह्यांनी ते पाणचट सगळं प्यायलं. पाटीवर "९".

नऊ! म्हटलं, खरं? छातीवर हात ठेवला. मी पाटीचा फोटो काढून पल्लवीला पाठवला. तिनं टाळ्यांची चित्रं पाठवली. लई दिवसांनी बरं वाटलं. लवकर झोपते.

१३ फेब्रु., गुरुवार

सकाळी मोरीतल्या पातेल्याला मुंग्या. खिडकीपासून रांग. मिठाच्या सूपला मुंग्या कशा? बोट फिरवून जिभेवर ठेवलं. गोड! बासुंदीसारखं गोड, त्यात कांदा आणि मीठ. ओकारी आली.

बरणी उघडून चाखली. पिठीसाखर. चिठ्ठ्या लावल्या असत्या तर!

आधी हसूच आलं. पल्लवीला सांगायला फोन हातात घेतला. मग ते नऊ आठवले.

फोन ठेवून दिला. पातेलं घासलं.

१४ फेब्रु., शुक्रवार

आज मुद्दाम केलं. रवा नुसत्या पाण्यात शिजवला. मीठ नाही, दूध नाही, काही नाही. इटलीचाच आहे म्हणून समोर ठेवला.

"७. परवाच्यापेक्षा जरा कमी."

लबाड माणूस. लबाड! गॅलरीत कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गेले आणि ओल्या टॉवेलात तोंड खुपसून रडले. म्हणजे सहा खोटे, सात खोटे, नऊ खोटे. ह्यांना कशाची चवच लागत नाही. मी जपान-इटली करत नाचतेय आणि हे माझं मन राखायला गिळतायत.

बोलावं का? बोलले आणि खाणंच सोडलं तर? मार्क द्यायच्या निमित्तानं तरी घास जातोय. गप्प बसते.

२० फेब्रु., गुरुवार

ग्रीस. काकडीचं दही. काकडी किसून, आंबट नसलेलं.

आता नीट बघते. प्रत्येक घासाला डोळे मिटतात. मान पुढं काढतात. गिळलं की पाणी. मग दुसरा घास. हे आधी मला दिसलं नाही असं नाही. मी पाटीकडं बघत होते.

"८." मी म्हटलं, थँक्यू. संसारात इतक्या सभ्यपणे आम्ही कधी बोललो नव्हतो.

२७ फेब्रु., गुरुवार

वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, २१ मार्चला स्कॅन करू. तोवर आणखी उतरलं तर नळीचं तेव्हाच ठरवू. रिक्षात ह्यांनी पाटी पिशवीतून काढलीच नाही.

घरी पेज समोर ठेवली. हातानं सारली. परत ठेवली. परत सारली. मग माझा तोल गेला.

"का? आज मार्क नाहीत का? साखरेच्या सूपला नऊ देता तुम्ही! बिनमिठाच्या रव्याला सात देता! वेडी समजलात का मला?" बरणी आपटली टेबलावर. झाकण उडालं, साखर सांडली.

ह्यांनी पाटी घेतली.

"काही लागत नाय. कागद चावल्यागत. शेकापासून."

पुसलं.

"तू अर्धा अर्धा तास ढवळतीस. शून्य कसं देऊ?"

मी खाली बसले. साखरेतच. त्यांनी पाटीनं माझ्या खांद्यावर टकटक केलं.

"नाक शाबूत आहे."

मला कळेना. आणखी लिहिलं, भराभर. "घरात कशाचाच वास नाय. दवाखान्यात बसल्यागत वाटतं. तू तुझं कर. तुझं खा. माझ्यासमोर."

१ मार्च, शनिवार

येसराची, म्हणजे भाजल्या डाळी-धान्याच्या पिठाची आमटी केली. मागच्या सालचा मसाला डब्याच्या तळाशी होता तेवढा घेतला. खिडक्या सताड उघड्या. ह्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं, दार अर्धं लोटलं, धूर थेट येऊ नये म्हणून. मग फोडणी दिली. कढीपत्ता तडतडला.

दारातून बघितलं. डोळे मिटून बसले होते, पण गिळतानासारखे नाही. ठसका लागला थोडा. हातानंच सांगितलं, चालू दे.

मग समोरासमोर बसलो. त्यांना पेज, मला आमटी-भाकरी. पहिला घास मोडून ताटातच ठेवला. नवऱ्यासमोर असं खायचं म्हणजे पाप केल्यासारखं वाटत होतं. त्यांनी खूण केली, खा. मी खाल्लं, तसं त्यांनी चमचा उचलला. माझा एक घास, त्यांचा एक चमचा. वाटी संपली.

"चव ०. वास १०."

भिंतीपलीकडून शेख भाभी, "अब आई ना बास! मैं बोली, बाई घर कू वापस आ गये."

९ मार्च, रविवार

लिहिलं तेवढं सोपं नाही. पाच-सहा दिवस चांगले गेले. परवापासून तोंडात परत फोड, आज दोन चमचे. आमटीच्या वासानंही जमेना. मी ताट झाकून ठेवलं. त्यांनी झाकण काढलं आणि माझ्याकडं सरकवलं. रडत खाल्लं. खारट लागत होतं.

दुपारी पाटी. "मसाल्याचं काय झालं?"

म्हटलं, यंदा नको म्हणून सांगितलंय बबनला.

"ऐकलं होतं मी." मग, "लाव फोन."

लावला. बबन म्हणाला, "किती आणू ताई?" मी ह्यांच्याकडं बघितलं. हातानं खूण केली. नेहमीएवढी.

१६ मार्च, रविवार

बबन सकाळच्या एसटीनं मिरची घेऊन आला. भावजींना नुसतं बघितलं. चहा न पिताच गच्चीवर गेला मिरची पसरायला, तिथंच नाक शिंकरत होता. मिरचीनं पाणी आलं म्हणाला.

देठं खुडायचं काम आमच्यात दर साली ह्यांचं. मी नको नको म्हणत असताना जिना चढले, थांबत थांबत. नाकातोंडाला ओला रुमाल बांधून बसले. बोटं तशीच चालतात, भराभर. माझ्या ढिगातली राहिलेली देठं दाखवून मला रागावले पण. बाईंच्या चुका काढायची हौस काही गेली नाही.

त्यानंतर दिवसभर झोपून होते.

२० मार्च, गुरुवार

मिरची आणि खोबरं शेख भाभींच्या घरी भाजलं, आमच्या घरात धूर नको म्हणून. भाभींनी स्वतः उलथणं घेतलं, मला बाजूला बसवलं. "तुम नक्को करो जी, तुम बैठो." मग कांडपाच्या गिरणीवर नेलं, तिथल्या बाईनं मापून बघितलं. "बाई, यंदा उशीर केला. दोघंच ना तुम्ही? एवढा?"

म्हटलं, हो, दोघंच.

घरी आणला तेव्हा गरमच होता. हे उठून बसले. मी चिमूट तळहातावर घेऊन लांबून धरली. त्यांनी मनगट पकडून हात जवळ ओढला आणि वास घेतला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, हात सोडला नाही. आज सकाळपासून पेजेचे चारच चमचे गेलेत.

पल्लवीच्या दोन बरण्या रिकाम्या करून त्यात मसाला भरला. म्हटलं, आता चिठ्ठ्या लावायच्याच, परत फ्रान्स नको. त्यांनी कागद, कात्री, डिंक मागून घेतला. अक्षर पहिल्यापासून माझ्यापेक्षा चांगलं. साखर, मैदा, रवा, सगळं लिहून चिकटवलं. मी भांडी घासत होते.

हात पुसून आले तर मसाल्याच्या दोन्ही बरण्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. एकीवर लिहिलं होतं, "मसाला. यंदाचा." दुसरीवर, "मसाला. पुढच्या सालचा."

एवढा मसाला दोघांना एकच साल पुरतो. एकटीला दोन.

मी म्हटलं, "अहो, हे चुकलंय. वर्षात संपतो आपल्याला. दर साली संपतो." पाटी त्यांच्या मांडीवरच होती. त्यांनी ती उचलून उद्याच्या पिशवीत घातली.

उद्या नऊला निघायचं. वजन, मग स्कॅन. पेज थर्मासमध्ये. माझ्या डब्यात आमटी-भाकरी घ्यायला सांगितलीय त्यांनी.