जाफरच्या जिन्याखालचं रोम

८ नोव्हेंबर, शुक्रवार
वरच्या मजल्यावरचा जाफर ओमानातलं हे अल् घुब्रा सोडून अल् अमेरातला राहायला गेला. सामान चढवायला मदत केली (सूचना दिल्या). ट्रक गेल्यावर जिन्याखाली पितळेची जाळीदार पट्टी सापडली. बोटभर लांब, वेलबुट्टीची. रोमन! सैनिकांच्या म्यानांवर अशाच पट्ट्या असत. तीन पुस्तकांत वाचलंय. इथला लोबान, म्हणजे धूप, न्यायला रोमन व्यापारी येणार, तर सोबत तलवारवाला येणारच.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
जाफरचा फोन. "शेखरभाऊ, पितळेची पट्टी दिसली का ओ कुठं? अमीरुन्निसा धड जेवत नाय." पितळेच्या तुकड्यासाठी बायको जेवण सोडते? याला किंमत कळलीय. कुणी सांगितली? "बघतो," म्हणालो. खोटं नाही. सारखा बघतोच आहे.

११ नोव्हेंबर
इथल्या मराठी मंडळात शुक्रवारी माझं व्याख्यान: 'रोमन तलवार ओमानच्या दारात'. गेल्या वर्षी लोक मध्येच चहाला उठले. यंदा एकही उठणार नाही.
जाफर सांदणं घेऊन आला. लाच! चार खाल्ली, संशय येऊ नये म्हणून. पट्टी शोकेसच्या खणात. त्याची नजर तिकडे तीनदा. नूतन म्हणाली, "अहो, त्यांची असेल तर देऊन टाका ना." घरातही फितुरी.

१३ नोव्हेंबर
पट्टी बुटात लपवून ऑफिसला. लंगडलो. बॉसने विचारलं, पाय मुरगळला का? त्याला कशाला हव्यात चौकशा?
पट्टीच्या भोकात स्क्रू अडकलाय. रोमन लोक फारच पुढारलेले.
मंडळाच्या ग्रुपवर व्याख्यानाची जाहिरात टाकली, पट्टीच्या फोटोसह. जाफरचा लगेच अंगठा. फारच लगेच.

१५ नोव्हेंबर, दुपारी ३
व्याख्यान सकाळी अकराला. श्रोते एकोणीस. मी पेटलो होतो. चाळिसाव्या मिनिटाला पट्टी उंच धरली. जाफर उठला. म्हटलं, प्रश्न शेवटी. "प्रश्न नाय ओ भाऊ. जुम्म्याची वेळ झाली. तेवढी पट्टी द्या."
अमीरुन्निसाभाभींनी मांडीवरची लाकडी पेटी पुढे केली. त्यांच्या आईने निकाहात दिलेली. आई मार्चमध्ये रत्नागिरीत वारली. भाभींना जाता आलं नाही. पेटीच्या एका बाजूला तशीच पट्टी, दुसरी बाजू उघडी.
"जोडी!" मी गरजलो. "रोमन पट्ट्या जोडीनेच..." कुणी ऐकत नव्हतं. जाफरने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. पट्टी चपखल बसली. भाभी पेटीवर हात ठेवून रडल्या. हॉलभर टाळ्या. मग सगळे त्यांना सोडायला खाली गेले.
माझी वीस मिनिटं शिल्लक होती. नूतन म्हणाली, "माफीला दोन पुरतात."
प्रस्तावना जुळवत जिना उतरलो. गाडी निघून गेली होती.